ढगातलं पाणी जमिनीवरून कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा-कॉलेजांत मी ढगांविषयी बोलायला जाते. त्याआधी बरीच वर्षं मायक्रोवेव्ह रेडिओमीटर आणि ढग-रडार चालवण्याचं, दुरुस्त करण्याचं काम केलं. कार्यक्रमानंतर आणि मग मेसेजवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. 'खालचे ढग' म्हणजे ज्यांचा तळ साधारण दोन किलोमीटरच्या आत असतो ते पाण्याच्या कणांचे ढग: जूनपासून डोक्यावर बसलेलं मळभ, येऊरच्या माथ्याला टेकणारे पुंजके, पावसाळा सरताना दिसणारे कापशी ढग.

१. एका ढगात पाणी असतं तरी किती?

फार थोडं. मळभाच्या ढगात एका घनमीटर हवेत पाव ग्रॅमच्या आसपास. पातळ थरात ०.०५ ग्रॅम, चांगल्या फुगलेल्या कापशी ढगात अर्धा ते एक ग्रॅम. गच्चीवरची १,००० लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा. तिचं आकारमान एक घनमीटर. तेवढ्या ढगात ड्रॉपरचे पाच-सहा थेंब पाणी असतं आणि तेही सुमारे १० मायक्रॉन त्रिज्येच्या कणांत विखुरलेलं. असे कण घनसेंटिमीटरला १०० धरले तर हिशेब घनमीटरला ०.४ ग्रॅमवर येतो.

मोजणारे दोन आकडे वापरतात आणि गोंधळ इथेच होतो. एक, घनमीटरमागे किती ग्रॅम, म्हणजे ढगाची 'ओल'. दुसरा, तळापासून माथ्यापर्यंत सगळं पाणी एकत्र केलं तर चौरस मीटरमागे किती ग्रॅम, म्हणजे 'उभी बेरीज'. ४०० मीटर जाडीचा ढग आणि सरासरी ओल ०.३ ग्रॅम असेल, तर उभी बेरीज १२० ग्रॅम. हे पाणी जमिनीवर पसरलं तर ०.१२ मिलिमीटर. एक चौरस किलोमीटरचा असा ढग म्हणजे १२० टन पाणी, घोडबंदर रोडवर रोज दिसणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरचे १२ टँकर.

२. ढगात ०.१२ मिलिमीटर पाणी, मग एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस कुठून पडतो?

ढग ही भरलेली टाकी नाही, चालू नळ आहे. जुलैमध्ये आपल्या डोक्यावरच्या हवेच्या स्तंभात वाफेच्या रूपात ६० मिलिमीटरच्या आसपास पाणी असतं. वरच्याच चौरस किलोमीटरवर ते ६,००० टँकर होतात. समुद्रावरून वारा नवी वाफ आणत राहतो, ती वर चढते, गार होते, ढग बनतो, पाणी पडतं, पुन्हा बनतो. मोठा पाऊस देणारे ढगही ४०० मीटरचे नसतात, कित्येक किलोमीटर उंच असतात.

हे ६,००० विरुद्ध १२ चं प्रमाण लक्षात ठेवा. मोजणीची सगळी अडचण त्यात आहे: वाफेच्या डोंगरात ढगाचं पाणी शोधायचं असतं.

३. विमान न पाठवता, खाली बसून हे पाणी 'मोजतात' म्हणजे नेमकं काय करतात?

पाणी थेट कुणीच मोजत नाही. रेडिओमीटर आकाशाची मंद मायक्रोवेव्ह झळ मोजतो. रडार प्रतिध्वनी मोजतं. सीलोमीटर लेसरचा परत आलेला प्रकाश मोजतो. प्रत्येकाच्या आकड्यावरून पाण्याकडे जायला काहीतरी गृहीत धरावं लागतं आणि प्रत्येकाचं गृहीतक वेगळ्या दिवशी फसतं. म्हणून चांगल्या केंद्रावर तिन्ही यंत्रं एकाच अंगणात, सरळ वर बघत उभी असतात. युरोपातल्या 'क्लाउडनेट' जाळ्यातली केंद्रं याच तत्त्वावर चालतात. एकट्या यंत्राचा आकडा दिसला की मी आधी विचारते, बाकीची दोन कुठे होती?

४. मायक्रोवेव्ह रेडिओमीटर कसा चालतो? तो काही पाठवतो का?

काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे किरणं सोडते. मायक्रोवेव्हमध्ये निरभ्र आकाश बरंच 'थंड' दिसतं, कारण पलीकडे अवकाशाचे २.७ केल्विन असतात. मध्ये ढग आला की त्यातलं पाणी थोडी झळ मिसळतं आणि आकाश किंचित 'गरम' दिसू लागतं.

वाफही झळ सोडते. म्हणून किमान दोन वारंवारता लागतात. वाफेची शोषणरेषा २२.२३५ गिगाहर्ट्झला आहे. तिच्याजवळ, २३.८ गिगाहर्ट्झला ऐकलं की मुख्यतः वाफ कळते. ३१.४ गिगाहर्ट्झला वाफेचा आवाज बसतो आणि पाण्याचा चढतो. दोन समीकरणं, दोन अज्ञातं, असं सोडवलं की वाफ आणि पाणी वेगळं होतं. आजची बरीच यंत्रं आणखी वारंवारता घेतात. ५१ ते ५९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून ऑक्सिजनच्या झळेवरून हवेचं तापमानही निघतं.

आता त्याची मर्यादा. ३१.४ गिगाहर्ट्झला उभी बेरीज १०० ग्रॅम असेल तर आकाश तीन-चार केल्विननेच वाढतं. यंत्राची स्वतःची चूक अर्ध्या केल्विनच्या घरात, त्यात वाफेचा हिशेब थोडा चुकणार. त्यामुळे दोन वारंवारतांच्या यंत्राची अनिश्चितता चौरस मीटरला २० ते ३० ग्रॅम राहते. १२० ग्रॅमच्या ढगाला हे चालतं. ३० ग्रॅमच्या पातळ ढगाला तो आकडा जवळपास निरुपयोगी आहे. दुर्दैवाने सूर्यप्रकाश आणि उष्णतेच्या हिशेबात पातळ ढगांतला फरकच सर्वांत जास्त जाणवतो. ९० गिगाहर्ट्झच्या आसपासची आणखी एक वारंवारता जोडली तर पातळ ढगांसाठी संवेदनशीलता कित्येक पट वाढते. पैसे असतील तर आधी ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, रेडिओमीटर फक्त उभी बेरीज देतो. पाणी तळाशी आहे की माथ्याशी, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी प्रश्न ७.

५. ढगाचा तळ किती उंच आहे हे घरबसल्या कळेल का?

अंदाजे, हो. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्या आणि दर अंशाला १२५ मीटर धरा. तापमान २९, दवबिंदू २५, म्हणजे तळ ५०० मीटरवर. जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या ढगांना हे लागू पडतं. समुद्रावरून तयार होऊन आलेल्या थराला नेहमीच लागू पडेल असं नाही.

नवी मुंबईकरांना तर निसर्गाने पट्टीच उभी करून दिली आहे. पनवेलच्या बाजूला बघा: कर्नाळ्याचा सुळका सुमारे ४४० मीटर, प्रबळगड सुमारे ७००, माथेरान सुमारे ८००. कर्नाळा दिसतोय आणि प्रबळगडाचा माथा ढगात आहे, तर तळ त्या दोघांच्या मध्ये.

६. सीलोमीटर ढगाचा तळ दाखवतो, मग तोच पाणीही का मोजत नाही?

कारण त्याचा लेसर ढगात शिरल्यावर एक-दोनशे मीटरमध्ये विझतो. ०.९ किंवा १.०६ मायक्रॉनच्या प्रकाशाला ढगाचे कण फार दाट वाटतात. माथ्यापर्यंत तो पोहोचतच नाही. तळ मात्र तो नेमका सांगतो, विमानतळावर त्याचा उपयोग त्यासाठीच. पाण्याच्या मोजणीतही त्याची दोन कामं आहेत: रडारला चकवणारी भुरभूर (ढगातून गळणारा अगदी बारीक पाऊस) कुठे संपते आणि खरा ढग कुठे सुरू होतो हे दाखवणं (प्रश्न ७), आणि आकाश कधी खरंच निरभ्र होतं याची साक्ष देणं (प्रश्न १०).

७. ढग-रडारने उंचीनुसार पाणी कळतं म्हणतात. मग रडारच पुरेसं नाही का?

नाही. ढग-रडार ३५ गिगाहर्ट्झवर (तरंगलांबी ८.६ मिलिमीटर) किंवा ९४ गिगाहर्ट्झवर (३.२ मिलिमीटर) चालतं. प्रतिध्वनी कणाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो, पाणी मात्र तिसऱ्या घातावर. ०.२ मिलिमीटर व्यासाचा भुरभुरीचा एक थेंब २० मायक्रॉनच्या दहा लाख कणांइतका आवाज करतो. पाणी मात्र त्यात फक्त हजार कणांइतकं. म्हणजे ढगात मूठभर भुरभूर असली तरी रडार तिचंच ऐकतं आणि ज्या कणांत खरं पाणी आहे ते दबून जातात.

यावरची वापरातली युक्ती साधी आणि देखणी आहे. कणांची संख्या आणि त्यांच्या आकारांचा पसारा ढगभर सारखा धरला, तर प्रत्येक उंचीवरची ओल ही प्रतिध्वनीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. मग रेडिओमीटरने दिलेली उभी बेरीज त्या प्रमाणात थरांमध्ये वाटून टाकायची. बेरीज एकाची, वाटणी दुसऱ्याची. रडारचं कॅलिब्रेशन थोडं चुकलेलं असलं तरी वाटणी बिघडत नाही, कारण चूक सगळ्या थरांना सारखीच लागते.

भुरभूर सुरू झाली की ही वाटणी कोसळते. प्रतिध्वनी उणे २० ते उणे १५ डीबीझेडच्या (रडारच्या प्रतिध्वनीची ताकद सांगणारं एकक) वर गेला की मी तो तास वेगळा काढते. कोकणच्या पावसाळ्यात असे तास पुष्कळ असतात. दुसरा मार्ग दोन रडारांचा: ९४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात ३५ पेक्षा कितीतरी जास्त क्षीण होते, त्या दोघींतल्या फरकावरून ओल काढायची. इथे थेंबांच्या आकाराचा त्रास कमी, पण दोन रडारं एकाच ढगाकडे बघत असली पाहिजेत आणि ढग पुरेसा जाड हवा.

आणखी दोन गोष्टी. बहुतेक रडारांना अगदी जवळचं दिसत नाही, त्यामुळे २०० मीटरवर तळ असलेला ढग अर्धवट निसटू शकतो. आणि आपल्याकडच्या हवेत किडे फार. खालच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये ३५ गिगाहर्ट्झला ते ढगासारखेच दिसतात. मांढरदेवच्या रडारच्या नोंदींतून असे प्रतिध्वनी वगळण्याची पद्धत पुण्याच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली.

८. कुलाबा आणि वेरावलीच्या रडारचं चित्र मोबाइलवर दिसतं. त्यात हे ढग का नाहीत?

ती पावसाची रडारं आहेत. कुलाब्याचं एस-बँड, तरंगलांबी १० सेंटिमीटरच्या घरात. वेरावलीचं सी-बँड, ५ च्या घरात. बारीक कणांचा प्रतिध्वनी तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतो. तोच ढगकण ८.६ मिलिमीटरला जेवढं परत फेकतो, त्याच्या सुमारे १८ हजारावा भाग १० सेंटिमीटरला. म्हणून ठाण्यात दिवसभर मळभ असतं आणि चित्र कोरं राहतं. रडार बंद नसतं.

९. पाऊस पडत असताना रेडिओमीटरचा आकडा विश्वासार्ह असतो का?

नाही, आणि पाऊस थांबल्यावरही काही वेळ नाही. यंत्राच्या खिडकीवर पाण्याचा ०.१ मिलिमीटरचा थर साचला तर तोच चौरस मीटरला १०० ग्रॅम झाला, म्हणजे अख्ख्या ढगाएवढा. म्हणून खिडकीला पाणी न धरणारा लेप असतो आणि पंखा सतत वारा मारतो.

एका घाटमाथ्यावरच्या केंद्रावर जुलैमध्ये आमचा पंखा बंद पडला. यंत्र चालूच होतं, आकडे येतच होते, ३०० ते ३५० ग्रॅमच्या मधे, सुरेख सपाट. तीन दिवस मी ते दाट ढगाचे मानले. चौथ्या दिवशी सीलोमीटरने तासभर उघडीप दाखवली आणि रेडिओमीटर ३२० वरच. वर चढून बघितलं तर खिडकीवर पाणी आणि लेप ठिकठिकाणी उडालेला. ते तीन दिवस नोंदीतून काढावे लागले. तेव्हापासून लेप दर पावसाळ्याआधी बदलते आणि पंख्याचा विद्युतप्रवाह वेगळा नोंदवते. खरा ढग सपाट आकडे देत नाही, मिनिटामिनिटाला हलतो.

१०. यंत्र बरोबर दाखवतंय हे कसं तपासतात?

दोन पद्धती. पहिली, द्रवरूप नायट्रोजनमध्ये (उणे १९६ अंश) भिजवलेलं शोषक लक्ष्य यंत्रासमोर ठेवायचं. एक टोक थंड, दुसरं खोलीच्या तापमानाचं, मधली पट्टी आखून घ्यायची. नायट्रोजन दमट हवेत उघडला की लक्ष्यावर पाणी धरतं, म्हणून आपल्याकडे हे काम हिवाळ्यात सकाळी उरकावं. दुसरी, निरभ्र आकाशात यंत्र वेगवेगळ्या कोनांत झुकवायचं. तिरकं बघितलं की हवा दुप्पट, तिप्पट जाड होते, आणि त्या वाढीवरून शून्य गाठता येतं. याला चहूकडे सारखं, ढगविरहित आकाश लागतं. जून ते सप्टेंबर ठाण्यात ते जवळपास मिळत नाही.

रोजचं शून्य मात्र त्याच दिवशी धरावं लागतं. सीलोमीटर 'ढग नाही' म्हणतो तेव्हा रेडिओमीटरने शून्य म्हणायला हवं. १५ म्हणत असेल तर ते १५ वजा करायचे. पावसाळ्यात आठ-दहा दिवस अशी उघडीप मिळाली नाही तर मी त्या काळातल्या आकड्यांची अनिश्चितता वाढवून लिहिते.

११. उपग्रह असताना जमिनीवरची यंत्रं कशाला?

उपग्रहावरचे मायक्रोवेव्ह रेडिओमीटर समुद्रावर छान चालतात, कारण त्यांना समुद्र थंड दिसतो आणि त्यावर ढग उठून दिसतो. जमीन त्यांना आधीच गरम दिसते, ढग तिच्यात विरघळतो. आपल्याकडे एका बाजूला समुद्र, मध्ये ठाण्याची खाडी, दुसरीकडे डोंगर. उपग्रहाच्या एका मोठ्या ठिपक्यात हे सगळं मिसळतं. ढगावरून परतलेला सूर्यप्रकाश मोजणारे उपग्रह जमिनीवरही अंदाज देतात, पण फक्त दिवसा, आणि वर दुसरा ढग नसेल तर.

१२. येऊरला किंवा माथेरानला आपण ढगातच उभे असतो. तिथे सरळ हातात यंत्र धरून मोजता येईल ना?

येईल, आणि हीच सर्वांत थेट मोजणी. ढगातली हवा यंत्रात ओढून एकेका कणावर लेसर टाकतात, विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढतात आणि बेरीज करतात. महाबळेश्वरला आयआयटीएमची उंचीवरची ढगभौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे ती याचसाठी. पावसाळ्यात ढग तिथे दारात येतो.

यंत्र नसेल तर दृश्यतेवरून ढोबळ अंदाज बांधता येतो. घनमीटरला ०.१ ग्रॅम ओल असेल तर साधारण २०० मीटरपर्यंत दिसतं, ०.३ असेल तर ८० च्या आत. अपवाद महत्त्वाचा आहे: हिवाळ्यातल्या सकाळी ऐरोली-तुर्भे पट्ट्यात किंवा खाडीवर दिसणारं धुरकट धुकं. त्यात कण खूप आणि अतिशय लहान, त्यामुळे दृश्यता कमी आणि पाणी त्याहून कमी. तिथे हे आकडे लावू नका.

१३. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनल आहेत. त्यांच्या मीटरवरून ढगाचं पाणी काढता येईल का?

हा माझा आवडता प्रश्न. येईल, फक्त अखंड, एकाच थराचं मळभ असताना. निरभ्र दिवशी त्याच वेळी मिळणाऱ्या विजेच्या एक तृतीयांशाच्या आसपास वीज मिळत असेल, तर ढगाची प्रकाशीय जाडी (ढग प्रकाशाला किती अडवतो याचं माप) १८ च्या घरात असते. पाण्याची उभी बेरीज म्हणजे दोन तृतीयांश गुणिले ही जाडी गुणिले कणाची त्रिज्या (मायक्रॉनमध्ये). त्रिज्या १० धरली तर १२० ग्रॅम, म्हणजे पहिल्या प्रश्नातला ढग.

त्रिज्या ७ असेल तर तोच प्रकाश ८४ ग्रॅमचा ठरतो, म्हणून याला मोजणी म्हणू नका, अंदाज म्हणा. तुटक ढगांत तर ही पद्धत उलटी पडते: ढगाच्या कडेवरून येणाऱ्या प्रकाशामुळे काही क्षण निरभ्र दिवसापेक्षाही जास्त वीज मिळते. शाळेच्या प्रकल्पासाठी मात्र याहून चांगलं काही नाही. मिनिटाला एक नोंद, सोबत वर बघून काढलेला फोटो, आणि प्रश्न ५ मधली डोंगरांची पट्टी. इन्व्हर्टरचं घड्याळ आधी मोबाइलशी जुळवून घ्या.

१४. वर दुसरा थर किंवा बर्फाचे ढग असतील तर खालच्या ढगाचा आकडा बिघडतो का?

बर्फाने जवळजवळ नाही. ३१ गिगाहर्ट्झला बर्फ नगण्य झळ सोडतो. पावसाळ्यात आपल्याकडे गोठणपातळी पाच किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे खालचे ढग निखळ पाण्याचे, हे आपलं सुदैव. पण त्या पातळीजवळ बर्फ वितळत असेल तर त्यावरचं पाणी मोजणीत येतं. मध्ये तीन किलोमीटरवर पाण्याचा दुसरा थर असेल तर रेडिओमीटर दोघांची बेरीजच देणार. रडारवर दोन थर दिसले की मी ती बेरीज खालच्या ढगाच्या नावावर लिहीत नाही.

१५. रेडिओमीटर चौरस मीटरला ४०० ग्रॅम म्हणतो, रडार-सीलोमीटरवरून ढग ४०० मीटर जाड दिसतो. आकडा खरा मानू का?

मानू नका. वर चढणारी हवा गार होताना किती पाणी सोडू शकते याला मर्यादा आहे. आपल्याकडच्या उबदार हवेत दर १०० मीटरला घनमीटरमागे साधारण ०.२ ग्रॅमच्या थोडं वर. ४०० मीटरच्या ढगात माथ्याशी ०.८ ते ०.९ ग्रॅम, आणि उभी बेरीज १६० ते १८० ग्रॅम. बाहेरची कोरडी हवा मिसळत असल्यामुळे खरा ढग बहुधा याच्या खाली असतो. ४०० ग्रॅमचं पाणी त्या जाडीत बसतच नाही.

मग क्रमाने बघा. खिडकी ओली आहे का (प्रश्न ९). रडारने माथा चुकवला का; पातळ माथ्यावर कण लहान असतात आणि त्यांचा प्रतिध्वनी यंत्राच्या कुवतीखाली जातो. भुरभूर आहे का. असेल तर पाणी खालून गळतंय, तळाखालचं पाणीही बेरजेत आलं आहे. वर दुसरा थर आहे का (प्रश्न १४). एवढं तपासूनही फरक राहिला तर तो तास 'संशयित' म्हणून खूण करून तसाच ठेवा, पुसू नका. पुढच्या वर्षी पंख्याची किंवा लेपाची नोंद जुळवताना नेमका तोच तास लागतो.